ज्याला स्वतःला दुखत नाही, त्याला दुसऱ्याचे दुखणे कसे कळते?

वर्धाकाठ (धागाकर्ती) :

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. कुष्ठरोगातून बरे झालेल्या, परंतु हातापायांची संवेदना कायमची गमावलेल्या माणसांच्या पायांची देखभाल करण्याचे काम मी विदर्भातील एका गावात सहा वर्षे केले. बुधवार हा आमच्याकडे पायांचा वार असे. सकाळी नऊच्या सुमारास पंधरा-वीस जण लांब बाकावर ओळीने बसत आणि प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याचे घमेले असे. वीस मिनिटे भिजून घट्टे मऊ पडले की ते खरबरीत दगडाने घासायचे, जिथे घट्टा फारच जाड असेल तिथे ब्लेडने पातळ सोलायचा आणि शेवटी तेल चोळून ओलावा आत कोंडायचा, असा तो क्रम होता.

त्या बाकावर एक आबा येत. वय सत्तरीच्या आसपास, दोन्ही तळपाय बधिर, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आत वळलेली. एका बुधवारी त्यांनी एमसीआरची (बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी तळाची) चप्पल काढली, तेव्हा तिच्या तळातून वर आलेल्या खिळ्यावर त्यांच्याच टाचेचे रक्त सुकलेले होते. आदल्या सकाळपासून ते त्या खिळ्यावर चालत होते, बाजारही करून आले होते, आणि हे सगळे त्यांनी मला हसत हसत सांगितले. मी काहीशा वैतागानेच त्यांचा घट्टा सोलायला घेतला आणि ब्लेड घसरून माझ्या डाव्या तर्जनीत गेले. जखम मोठी नव्हती. पण आबांनी दातांतून "स्स" असा आवाज काढला, पाय झटकन मागे ओढला आणि स्वतःच्या डाव्या हाताची तर्जनी उजव्या मुठीत घट्ट धरली. "तुमाले लागलं नं मॅडम," असे म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर पिळवटला होता. बोटावर कापूस दाबून धरलेला असताना माझ्या लक्षात आले की त्यांनी जे बोट धरले आहे, त्याला टाचणी टोचलेलीही कळत नाही. तपासणीच्या तक्त्यावर तशी नोंद मीच केलेली होती.

ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील, कातडीच्या जवळून जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये घर करतात. औषधांनी जंतू मरतात, परंतु मेलेला मज्जातंतू परत येत नाही. या आजारात बोटे आपोआप झडतात, असा समज आजही सर्रास आढळतो. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. बोटे झिजतात ती मांस कुजल्यामुळे नव्हे, तर न कळलेल्या भाजण्या-कापण्यामुळे आणि त्याच जखमेवर पुन्हा पुन्हा भार पडल्यामुळे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडून जात आणि रुग्णाला जाग येत नसे. हे लक्षात आल्यावर तिथून घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर दिले जाऊ लागले. औषधोपचाराच्या इतिहासात मांजराला मिळालेले हे स्थान मला फार आवडते.

माझा प्रश्न असा आहे. "जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे" असे आपण येताजाता म्हणतो. स्वतः भोगल्याशिवाय दुसऱ्याचे दुःख कळत नाही, हे आपण जवळजवळ सिद्धान्त म्हणून स्वीकारलेले आहे. मग टाचेत खिळा घेऊन हसत बाजार करणाऱ्या माणसाने माझ्या अर्ध्या सेंटिमीटरच्या जखमेवर दात का आवळावेत? जाणकारांनी लिहावे.

भूलथाप :

धागा उत्तम आहे, परंतु आबांचे उदाहरण तुमच्या प्रश्नाला पुरेसे नाही. आबा काही जन्मापासून बधिर नव्हते. विस्तव, काटा, विंचू, दातदुखी हे सगळे त्यांनी तरुणपणी भोगलेले असणार, आणि आजही त्यांचे दात व पोट दुखतच असेल. म्हणजे वेदनेची स्मृती शाबूत आहे, फक्त पायांची आणि हातांची तार तुटलेली आहे. तुमच्या प्रश्नाची खरी कसोटी पाहायची तर ज्याला जन्मात कधीच दुखले नाही असा माणूस हवा.

अशी माणसे असतात. फार थोडी, पण असतात. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून पुढे सरकण्यासाठी सोडियमचे आयन आत सोडणारी एक विशिष्ट वाहिनी लागते आणि ती बनवण्याची कृती एससीएन९ए नावाच्या जनुकात असते. ते जनुक आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी बिघडलेले आले तर त्या माणसाला स्पर्श कळतो, ऊन-गार कळते, पण दुखणे म्हणून काही कळत नाही. हा शोध २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून लागला. त्या अभ्यासाची सुरुवात रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका मुलापासून झाली. तो हातातून सुऱ्या आरपार घालत असे आणि निखाऱ्यांवर चालत असे. चौदावा वाढदिवस येण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. आम्हा भूलतज्ज्ञांच्या पेशात वेदना घालवण्याचे पैसे मिळतात, त्यामुळे ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

आता तुमचा प्रश्न. त्याच २००६ साली निकोला डँझिगर या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा जन्मजात वेदनाहीन बारा जणांना अपघाताच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. त्यांत ज्याला लागले त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि आवाजही ऐकू येत नव्हता. किती दुखले असेल, असे विचारल्यावर या बारा जणांनी आपल्यासारख्यांपेक्षा बरेच कमी गुण दिले. मात्र त्याच लोकांना वेदनेने वाकडे झालेले चेहरे दाखवले, तेव्हा त्यांचा अंदाज सर्वसाधारण माणसांच्या अंदाजाशी जुळला. आणखी एक बाब अशी, की या बारा जणांमध्ये जो मुळात इतरांच्या भावनांशी अधिक समरस होणारा होता, त्याचा अंदाज अधिक नेमका होता. आपल्यासारख्यांच्या गटात असा ठळक संबंध दिसला नाही, कारण आपल्याला स्वतःच्या आठवणीचा आधार असतो. ज्याच्याकडे तो आधार नाही, त्याला दुसऱ्याचा चेहरा वाचूनच तिथवर पोचावे लागते.

तेव्हा "वंशा" न जाताही कळते, पण मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, असे माझे उत्तर आहे. आबा त्या क्षणी तुमच्या बोटाकडे पाहत होते की चेहऱ्याकडे, हे आठवते का?

नेति_नेति :

भूलथाप यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. तरीही, आता कोणीतरी येऊन "दुसऱ्याचे दुःख पाहताना आपल्या मेंदूतील वेदनेचीच केंद्रे पेटतात" हे वाक्य टाकणार, त्यापूर्वीच मी माझी हरकत नोंदवून ठेवतो.

त्या वाक्याचा उगम २००४ सालच्या लंडनमधील प्रयोगात आहे. तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी सोळा जोडपी घेतली, बाईला स्कॅनरमध्ये झोपवले आणि तिच्या जोडीदाराला शेजारी बसवले. कधी तिच्या हाताला आणि कधी त्याच्या हाताला विजेचा झटका दिला आणि आता पाळी कोणाची आहे हे तिला पडद्यावरच्या रंगीत खुणेवरून कळत होते. स्वतःला झटका बसताना जे भाग सक्रिय झाले, त्यांतील काही, म्हणजे इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट पट्ट्याचा पुढचा भाग, जोडीदाराला झटका बसतानाही सक्रिय झाले. वृत्तपत्रांनी एवढेच उचलले. परंतु वेदना नेमकी कुठे आणि कोणत्या प्रकारची आहे याची नोंद ठेवणारा कातडीच्या संवेदनेचा भाग जोडीदाराच्या वेळी स्वस्थ होता, हा त्याच निबंधाचा दुसरा अर्धा निष्कर्ष आहे. म्हणजे वेदनेचा त्रासदायकपणा वाटून घेतला गेला, खुद्द वेदना नव्हे.

त्यातही इन्सुला हा भाग दुर्गंधी, भीती, आश्चर्य, हृदयाची धडधड अशा शेकडो निमित्तांनी पेटतो. दोन घरांत एकाच वेळी दिवा लागला म्हणून दोन्ही घरांत एकच स्वयंपाक चालला आहे असे होत नाही. २०१६ साली कोलोरॅडो विद्यापीठातील गटाने सक्रियतेच्या बारीक नमुन्यांची तुलना केली, तेव्हा स्वतःच्या वेदनेचा नमुना आणि दुसऱ्याची वेदना पाहतानाचा नमुना एकमेकांपासून वेगळे निघाले. एकावरून दुसरा ओळखता येत नव्हता.

तेव्हा दुसऱ्याचे दुःख आपल्याला "दुखते" हा एक सुंदर वाक्प्रयोग आहे, त्याला शरीरशास्त्र समजू नये, एवढीच विनंती.

शब्दखूळ :

नेति_नेति यांच्या विनंतीला मराठी भाषा मान देणार नाही असे दिसते. "कळवळणे" हे क्रियापद पाहा. पोटशुळाने माणूस कळवळतो आणि दुसऱ्याचे हाल पाहूनही कळवळतो. दोन्हीकडे तेच क्रियापद, कोणताही उपसर्ग नाही. त्यापासून झालेले "कळवळा" हे नाम मात्र केवळ दुसऱ्यासाठीच राखीव आहे. स्वतःच्या दाढेचा कोणाला कळवळा येत नाही.

तशीच गंमत पुढेही आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपले आतडे तुटते, पोटात कालवते, काळजाला घरे पडतात. मराठी माणसाला परक्याचे दुःख डोक्यात कधीच कळत नाही, ते थेट पोटात जाते. "वेदना" हा शब्द तर ज्या विद् धातूपासून आला, त्याचा अर्थच जाणणे असा आहे, आणि जुन्या बौद्ध परिभाषेत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तिन्ही प्रकारची जाणीव "वेदना" याच नावाखाली येते. "कळ" आणि "कळणे" यांचे मूळही एकच आहे, असे म्हणण्याचा मोह मला फार होतो, परंतु ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा आपला सामुदायिक छंद मला ठाऊक असल्यामुळे मी तो आवरतो.

अर्थात याच भाषेने "परदुःख शीतळ" अशी म्हणही घडवली आहे. दोन्ही एकाच घरात नांदतात.

रातपाळी :

मी सहसा फक्त वाचते, पण या धाग्यावर लिहावेसे वाटले. मी निवृत्त परिचारिका आहे आणि माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षे बहुतांशी लेबर रूममध्ये गेली. "स्वतः भोगल्यावर कळते" या समजुतीची परीक्षा घ्यायला त्याहून योग्य जागा नसेल, कारण तिथे काम करणाऱ्या बहुतेक बायका त्याच वाटेने गेलेल्या असतात.

मी पाहिलेले लिहिते. टेबलावरच्या मुलीवर सर्वांत जास्त कोण खेकसते, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर असे, की जिची स्वतःची दोन-तीन बाळंतपणे झालेली आहेत ती. "आम्ही नाही का कळा काढल्या?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आणि इतक्या वेळा स्वतः उच्चारले, की त्याची मोजदाद करणे अशक्य आहे. आमच्याकडे एक मावशी होत्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ झालेच नाही. पण मुलगी कण्हू लागली की त्या न सांगता तिच्या पाठीमागे उभ्या राहत आणि कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताची टाच दाबून धरत. कळ जिरेपर्यंत हात काढत नसत. तो दाब नेमका कुठे द्यायचा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. "तिचं तोंड बघायचं आणि हात सरकवत राहायचं, तोंड सैल पडलं की जागा सापडली," असे त्या सांगत. भूलथाप सरांनी लिहिलेले वाचताना मला त्याच आठवल्या.

आता माझे स्वतःचे. एका रात्री जेमतेम एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण मुलगी फार ओरडत होती. बाहेर तिची सासू बसली होती आणि आत माझ्यावर आणखी तीन टेबले होती. मी तिला म्हणाले, "एवढा आकांत कशाला? मीसुद्धा काढलीत दोन बाळंतपणे, हूं का चूं केले नाही." ती गप्प झाली. गप्प म्हणजे, तोंडात पदराचा बोळा कोंबून घेतला. काही दिवसांनी मी माहेरी गेले असताना सहज हा किस्सा आईला सांगितला. आई हातातली भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "तू? तुझ्या पहिल्या वेळेला तू सारा वॉर्ड डोक्यावर घेतला होतास. माझ्या मनगटावर तुझ्या नखांचे वळ आठवडाभर होते." आणि मला यातले काही म्हणता काही आठवत नव्हते. मी खोटे बोलत नव्हते. मला खरोखरच वाटत होते की मी हूं का चूं केले नव्हते.

त्या मुलीला नंतर शोधून काढावे असे मनात आले होते, पण केसपेपर कुठला शोधायचा आणि जाऊन म्हणायचे काय?

डावखुरा :

रातपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या आईने जे सांगितले त्याला संशोधनाचा आधार आहे, म्हणून लिहितो.

शिकागोच्या परिसरात हिवाळ्यात मिशिगन सरोवराच्या गोठणाऱ्या पाण्यात सामुदायिक उड्या मारण्याचा कार्यक्रम होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यात भाग घेणाऱ्यांना एका माणसाची गोष्ट वाचायला दिली, ज्याने उडी मारायची ठरवून ऐन वेळी माघार घेतली होती. ज्यांची उडी अजून व्हायची होती, त्यांनी त्याला बरेच समजून घेतले. ज्यांची उडी होऊन गेली होती, त्यांना त्याच्याविषयी कणव कमी आणि तुच्छता अधिक वाटली. संशोधकांचे स्पष्टीकरण असे, की एखाद्या हालांतून बाहेर पडलेल्या माणसाला दोन गोष्टी एकत्र घडतात: ते हाल किती असह्य होते हे तो विसरतो, आणि आपण ते सोसले एवढे मात्र पक्के लक्षात ठेवतो. तुमचे "हूं का चूं केले नाही" हे नेमके या दोहोंचे मिश्रण आहे.

दुसरे एक. मी ओहायोतील कोलंबसमध्ये राहतो आणि इथल्याच विद्यापीठात २०१६ साली झालेला एक प्रयोग गावात बराच चर्चेत होता. काही विद्यार्थ्यांना १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि इतरांना तसेच दिसणारे निव्वळ पेय दिले, तासभर थांबवले आणि मग कोणाच्या बोटावर सुरी लागली, कोणाचे वडील वारले, असे प्रसंग वाचायला दिले. कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. पॅरासिटामॉल घेतलेल्यांनी त्या लोकांचे दुःख कमी मोजले आणि स्वतःलाही कमी अस्वस्थ वाटल्याचे सांगितले. डोकेदुखीवर आपण जी गोळी बिनदिक्कत घेतो, तीच ही. व्हिएन्नात २०१५ साली याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तिथे औषधच नसलेली गोळी "जबरदस्त वेदनाशामक" म्हणून दिली. घेणाऱ्यांना स्वतःचे झटके कमी दुखले, आणि दुसऱ्याला बसणाऱ्या झटक्यांचेही कमी वाईट वाटले. मग शरीरातील नैसर्गिक अफूसदृश रसायनांना अडवणारे नॅल्ट्रेक्सोन दिले, तर दोन्ही परिणाम मावळले. नेति_नेति यांच्या दोन घरांच्या दिव्याला मी एवढेच म्हणेन, की एका घराचा फ्यूज काढला तर दुसऱ्या घरातलाही दिवा मंद होतो.

नेति_नेति :

फ्यूजचा मुद्दा मान्य. व्हिएन्नाचा नॅल्ट्रेक्सोनचा प्रयोग हा त्यातील खरा वजनदार पुरावा आहे आणि माझी पहिली भूमिका त्यामुळे थोडी मागे घ्यावी लागते. पॅरासिटामॉलच्या प्रयोगाविषयी मात्र मी सावध राहीन. ते कॉलेजातले विद्यार्थी होते, गोष्टी कागदावरच्या होत्या आणि फरक सरासरीतला आहे. त्यावरून "गोळी घेतली म्हणून नवरा समजून घेत नाही" असा निष्कर्ष कोणी घरी नेऊ नये.

मला अधिक महत्त्वाचे वाटले ते मावशींचे वाक्य. तोंड सैल पडले की जागा सापडली! इथे स्वतःच्या वेदनेचा काही संबंधच नाही. समोरच्या माणसाकडे लक्ष देण्याचा, आणि चूक झाली तर हात सरकवण्याचा आहे. "मला तुझ्यासारखेच झाले होते" असे म्हणणारा माणूस हात सरकवतच नाही, कारण जागा आपल्याला आधीच ठाऊक आहे असे त्याला वाटते.

भूलथाप :

नेति_नेति, हे पटले. याची दुसरी बाजू, म्हणजे चेहराच वाचता येणार नाही अशी व्यवस्था झाली तर काय होते, हे आमच्याच शाखेने करून दाखवले आहे आणि ते लिहिताना मला संकोच वाटतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या मोठ्या शस्त्रक्रिया अतिशय हलक्या भुलीवर होत असत. मज्जातंतूंवरचे आवरण पुरते तयार झालेले नाही, तेव्हा बाळाला दुखत नसणार, आणि दुखले तरी लक्षात राहत नाही, असा युक्तिवाद होता. शिवाय एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल झेपेल का, ही भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. त्यामुळे बाळाला नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे करणारे औषध देत. दुसऱ्या औषधाकडे नीट पाहा. त्याने वेदना तसूभरही कमी होत नाही, मात्र बाळाला हलता येत नाही, रडता येत नाही, कपाळाला आठी घालता येत नाही. टेबलाभोवती उभ्या असलेल्या पाच-सहा सुशिक्षित, घरी लेकरे असलेल्या माणसांसमोर एक शांत चेहरा होता. कोणाचेही आतडे तुटण्याचे कारण नव्हते.

भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना प्रश्न पडला, की शस्त्रक्रियेहून परत येणारी बाळे इतकी खालावलेली का असतात. चेहरा बोलत नव्हता, म्हणून त्यांनी रक्ताला विचारले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हृदयाजवळची वाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट होते. एकाला नेहमीची भूल आणि दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कितीतरी कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर काही वर्षांतच जगभरची पद्धत बदलली.

आपण सर्वांनीच शैशवात वेदना भोगलेली आहे. "वंशा" तर आपण सगळे जाऊन आलेलो आहोत, तरी काही उपयोग झाला नाही.

अवांतर : "त्यांना सवय असते, त्यांची कातडी जाड असते" हे वाक्य बांधकामावरच्या किंवा ऊसतोडीच्या मजुरांविषयी मी ओपीडीत अजूनही ऐकतो. ज्याने ओरडण्याची सोयच कधी पाहिली नाही, त्याच्या गप्प चेहऱ्याचा आपण तोच अर्थ लावतो.

वर्धाकाठ (धागाकर्ती) :

सर्वांचे आभार. भूलथाप सर, तुम्ही विचारले होते की आबा कुठे पाहत होते. मी आठवून पाहिले. पाय माझ्या मांडीवर होता, माझे डोके खाली होते आणि ब्लेड त्यांच्या टाचेच्या आड होते. बोट त्यांना दिसणेच शक्य नव्हते. म्हणजे ते माझा चेहरा पाहत होते. बहुधा ते तो नेहमीच पाहत असणार, कारण स्वतःच्या पायाचे काय चालले आहे हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळते. घट्ट्याखाली जखम निघाली तर ती आधी माझ्या कपाळावर दिसते. हे मला सहा वर्षांत सुचले नव्हते.

तुमच्या चर्चेमुळे डॉ. ब्रँड यांची पुढची एक गोष्ट आठवली. १९६० च्या दशकात ते अमेरिकेतील लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी बधिर हातापायांना कृत्रिम वेदना देण्याचा घाट घातला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब ओळखणारे संवेदक बसवले आणि दाब वाढला की कानात आवाज होईल अशी सोय केली. रुग्णांना आवाज ऐकू येई, त्याचा अर्थही कळे, पण ते हातातले काम सोडत नसत. दिवे लावून पाहिले, तीच गत. शेवटी जिथे संवेदना शाबूत होती अशा काखेत विजेचा झटका देण्याची व्यवस्था केली. तो झोंबत असे. तर एखादा घट्ट बसलेला स्क्रू पिळायचा असला की रुग्ण आधी यंत्र बंद करत, स्क्रू पिळत आणि मग यंत्र पुन्हा चालू करत. काही वर्षांच्या खटपटीनंतर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. बंद करता येते ती वेदना राखण करत नाही, असा त्याचा अर्थ मी घेते. दुसऱ्याची वेदना तर आपल्यापाशी नेहमी बंद करता येण्याजोगीच येते. मान वळवली की संपले.

ही गोष्ट मी मागे एकदा बाकावर सर्वांना सांगितली होती. आबांच्या घरी रोज रात्री त्यांची बायको कंदिलाजवळ, आता बल्बखाली, त्यांचे दोन्ही तळवे उलटे करून बोटाच्या पेराने चाचपते. काटा, खडा, फोड, गरम लागणारी जागा, जे असेल ते शोधते आणि सापडले की दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडू देत नाही. आम्ही रुग्णांना आरसा देतो, पण ज्या घरात अशी बाई किंवा असा बाप्या आहे, तिथे आरसा खुंटीलाच राहतो. खिळ्याच्या वेळी ती नेमकी मुलीकडे गेली होती. तर यंत्राची गोष्ट ऐकून आबा म्हणाले, "त्या मशीनले बटन व्हतं म्हनून फसलं. हिचं बटन कोठी हाय, चाळीस वर्सं झाले सापडून नाई राहिलं."

रातपाळी :

आबांची ती टाच भरली का?

वर्धाकाठ (धागाकर्ती) :

भरली, सात आठवड्यांनी. त्या चपलेचा तळ बदलून आता खिळ्याऐवजी नुसत्या चिकटवणीने बसवला आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली मात्र नवा घट्टा धरतो आहे, त्यावर त्यांच्या घरात सध्या बोलणी चालू आहेत.